‘काळजी करू नका’ असं नेमकं कोण म्हणालं?

समजा, कित्येक आठवडे तुमच्या गावाला भूकंपाचे लहान-लहान धक्के बसताहेत. टीव्हीवर एक मोठे अधिकारी सांगतात, घाबरू नका. त्याच आठवड्यात रात्री पुन्हा धक्का बसतो. मुलांना उठवून बाहेर मोकळ्यावर न्याल, की कूस बदलून झोपाल?

इटलीतल्या लाक्विला शहरातल्या लोकांपुढे २००९ मध्ये हाच प्रश्न होता. तिथली जुनी रीत अशी, की धक्का बसला की रात्र घराबाहेर काढायची. ३१ मार्चला सरकारने नामवंत तज्ज्ञांची बैठक तिथे बोलावली. मोठा भूकंप होण्याची शक्यता कमी आहे, पण ती पूर्णपणे नाकारता येत नाही, असं बैठकीत बोललं गेलं. मात्र बैठक सुरू होण्याआधीच नागरी संरक्षण खात्याच्या उपप्रमुखांनी टीव्हीला मुलाखत दिली होती. लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडतेय, हे चांगलंच आहे, असं ते म्हणाले. या म्हणण्याला शास्त्राचा आधार नव्हता. पण लोकांच्या मनात राहिला तो हा दिलासा.

६ एप्रिलला पहाटे साडेतीनच्या सुमारास ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली. त्या रात्री आधी दोन धक्के बसले होते, तरी अनेकजण घरातच थांबले. ‘तज्ज्ञ सांगतात म्हणून थांबलो,’ ही खंत वाचलेल्यांना आयुष्यभर पुरली.

२०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि ते उपप्रमुख अशा सातजणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. भूकंप सांगता न येणं हा गुन्हा कसा, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ संतापले. खटल्याचा मुद्दा मात्र वेगळा होता: धोका नीट तोलला का, आणि लोकांना नीट सांगितला का? २०१४ मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. उपप्रमुखांची शिक्षा दोन वर्षांवर आली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं.

शास्त्रज्ञ अगदी सुटलेच असं मला वाटत नाही. आपल्या नावावर खोटा दिलासा खपत असेल, तर तिथल्या तिथे ‘आम्ही असं म्हटलेलं नाही’ हे सांगणं त्यांचंही काम आहे. आणि संकट येऊन गेल्यावर सगळा दोष सल्लागाराच्या माथी मारणं सरकारलाही शोभत नाही.

पूर असो की साथ, पुढच्या वेळी ‘तज्ज्ञ म्हणतात’ असं कानावर आलं, की एवढंच विचारा: ते ‘शक्यता कमी’ म्हणाले, की ‘धोका नाही’? या दोन वाक्यांतलं अंतर कधीकधी घराच्या उंबरठ्याएवढंच असतं.