तसबिरीची काच आणि चुलीचा धूर



फाल्गुन लागला. पहाटे अजून गारवा असतो, पण उन्हं वर आली की पत्रा तापू लागतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडच्या डोंगरातल्या घरांना आणखी थोडे दिवस वाकळ लागेल. जत, आटपाडीकडे मात्र दुपारी सावली शोधायची वेळ आली. अशा दिवसांत घरातल्या चुलीविषयी चार गोष्टी बोलाव्यात, म्हणून आजचा लेख.

थंडीत आपली चूल दोन कामं करते. भाकरी भाजते आणि घर उबदार ठेवते. आमचं घर कराड तालुक्यात, एका खोलीचं. माणसं सहा आणि वाकळा तीन. जेवणं झाली की आई निखारे राखेखाली झाकी, दार घट्ट लावी, आणि आम्ही पोरं चुलीकडे पाय करून झोपत असू. ती ऊब मी विसरलेले नाही. ज्या घरात पांघरूण पुरत नाही, त्या घराला भर पौषात 'चूल बाहेर काढा' म्हणून सांगणं हा शहाणपणा नव्हे. म्हणून ते मी आज, थंडी सरताना सांगते आहे.

१४ एप्रिल जवळ आला की आई घर सारवायची, भिंतींना चुना द्यायची. त्याआधी बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर खाली उतरवून काच पुसायची. मी नववीत असताना ते काम माझ्याकडे आलं. नुसत्या पाण्यानं काजळी निघेना. राखेनं घासली तेव्हा निघाली. फडकं काळं कुट्ट झालं. मी म्हटलं, "आये, वर्साची एवढी काजळी?" आई म्हणाली, "वर्साची कुठली? ही समदी ह्या थंडीतली."

तोवर आईला खोकला लागला होता. ती तंबाखूला कधी शिवली नाही. तरी पन्नाशीच्या आत चार पायऱ्या चढली की तिला धाप लागायची. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चुलीवर किती वर्षं स्वयंपाक करता?" तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. काच आम्ही दरवर्षी पुसली. आईच्या छातीतली काजळी पुसायला कुणाचा हात पोचणार होता?

घरातल्या धुरामुळे जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दम, लहान मुलांचा न्यूमोनिया, हृदयाचे विकार, मोतीबिंदू, या सगळ्यांशी धुराचा संबंध आहे. चुलीपाशी सगळ्यांत जास्त वेळ बाई बसते, आणि तिच्या मांडीवर किंवा पाठीशी तिचं लेकरू असतं.

कुणी म्हणेल, आता गॅस आला की! १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतल्या बायकांच्या नावे जोडण्या मिळाल्या, हे खरं. पण टाकी भरायला एकदम रोख पैसे लागतात आणि रोजंदारीच्या घरात ते दरवेळी नसतात. म्हणून चहा गॅसवर, आणि भाकरी, अंघोळीचं पाणी चुलीवर, असं अनेक घरांत चालतं. चूल राहणार असेल तर निदान तिची जागा बदलू या.

थंडी सरली की चूल पडवीत किंवा परसदारी न्या. पश्चिमेच्या अंगाला आडोसा करा, कारण आपल्याकडे पावसाळी वारा तिकडूनच येतो. वर चार पत्रे टाकले की पावसाळ्यातही ती आत आणायला नको. जागाच नसेल तर चुलीच्या वर झरोका पाडा आणि स्वयंपाक होईपर्यंत दार उघडं ठेवा. धुराडं असेल तर ते आताच झाडून घ्या. काजळीनं तुंबलेलं धुराडं सगळा धूर घरातच सोडतं.

जळणाची बेगमीही याच दिवसांत होते. नदीकाठच्या गावांना पाचट आणि चिपाड, माण-खटावला बाभळीचं सरपण आणि तुरीच्या काड्या, डोंगरात लाकूडफाटा. जळण कडक वाळलं की धूर कमी होतो. लाकडं जमिनीवर न टाकता दगडांवर रचा. शेणींचा हुडवा भिंतीपासून हातभर लांब ठेवा. उन्हाळ्यात विंचू, साप गारव्याला त्यातच शिरतात. म्हणून आधी काठीनं हलवा, मग हात घाला.

राख मात्र जपून टाका. वरून गार दिसली तरी आत इंगळ असतो. फाल्गुन-चैत्राच्या वाऱ्यात उकिरड्यावर टाकलेल्या राखेची ठिणगी कडब्याच्या गंजीला लागायला वेळ लागत नाही. राख पाण्यानं पुरती विझवा, मगच बाहेर टाका.

पुढच्या थंडीसाठी एक गोष्ट आताच लक्षात ठेवा. कोळशाला धूर नसतो, म्हणून पुष्कळ जण शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात. पुण्याच्या 'आरती' संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी २००२ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेतात जाळून टाकायच्या पाचटापासून स्वयंपाकाचं जळण झालं, ही चांगली गोष्ट. पण कोळसा कशाचाही असो, बंद खोलीत त्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. ऊब हवी तर वाकळा वाढवा. जुनी लुगडी, धोतरं आतापासून बाजूला काढा. उन्हाळ्याच्या दुपारी दोघी-तिघी मिळून बसलात तर दिवाळीपर्यंत दोन वाकळा सहज होतील.

शेवटचं सांगणं घरातल्या पुरुषांना. पत्रा ठोकणं, आडोसा करणं, चुलीला नवी जागा करून देणं हे एकट्या बाईच्या माथी टाकू नका. यंदा जयंतीच्या आधी तसबीर तुम्ही स्वतः खाली उतरवा, काच तुम्ही पुसा आणि फडक्याकडे नीट बघा. मग चूल कधी हलवायची हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.