खर्ज, सोफा आणि दोन उंच खोकी

गेल्या दिवाळीत मी आयुष्यातली सगळ्यात महागडी चूक केली. स्पीकर घेतले. किंमत सांगत नाही, कारण बायको हे वाचते आणि तिला सांगितलेला आकडा वेगळा आहे. कंपनीचं नावही सांगत नाही, कारण चूक तिची नव्हतीच.

निमित्त बाबांच्या पंचाहत्तरीचं. बाबा बँकेतून निवृत्त झाले, पण जीव सगळा गाण्यात. काळी एकमध्ये गातात. मिरजेहून आणलेला तानपुरा आहे, तो रोज सकाळी आतल्या खोलीत छेडला जातो. म्हटलं, या माणसाने आयुष्यभर टेपरेकॉर्डरवर आणि नंतर माझ्या कॉलेजातल्या पिटुकल्या स्पीकरवर ख्याल ऐकले, आता जरा बरं काहीतरी देऊ.

स्पीकर आले. छातीपर्यंत उंच, काळेभोर, आरशासारखे चकचकीत. बाबा सोफ्यावर बसले, मी विलंबित ख्याल लावला. दहा मिनिटांनी "छान आहे रे" म्हणाले आणि उठले. आठवडाभराने लक्षात आलं, की बाबा हॉलमध्ये गाणं ऐकतच नाहीत. आतल्या खोलीत ते जुने पिटुकले स्पीकर लावून बसतात. दार लोटून. मला वाईट वाटू नये म्हणून.

आधी राग आला, मग वाईट वाटलं, मग (पोटापाण्याचा धंदाच तो असल्याने) डीबगिंग सुरू केलं.

पहिला घोळ दुकानात झाला होता. तिथे मी चार जोड्या ऐकल्या. अॅम्प्लिफायरचं बटण एकाच जागी ठेवून, म्हणजे 'एकदम न्याय्य' पद्धतीने. पण सगळे स्पीकर तेवढ्याच विजेवर तेवढाच आवाज देत नाहीत. एकाची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल आणि दुसऱ्याची ८९ असेल, तर दुसरा ३ डेसिबल मोठा वाजतो. आणि आपला कान असा भाबडा की जे थोडं मोठं वाजतं ते त्याला मोठं न वाटता चांगलं वाटतं. जास्त भरीव, जास्त मोकळं. दुकानदाराला काही लबाडी करावीच लागत नाही.

दुसरा घोळ डोळ्यांचा. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीतल्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआड, एकदा समोर दिसत असताना. स्पीकर दिसायला लागल्याबरोबर मोठ्या, महागड्या स्पीकरचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त संचाचे घसरले. बरं, ही काही रस्त्यावरून धरून आणलेली माणसं नव्हती, स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतली होती. मग माझ्यासारख्याची काय कथा! मी तर दुकानात शिरतानाच त्या काळ्या पॉलिशवर भाळलो होतो.

म्हणजे दिसण्याला काही अर्थच नाही का? आहे. पण कोणत्या दिसण्याला, हे बघायला पाहिजे.

स्पीकरचा पडदा जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच मागेही ढकलतो. या मागच्या आवाजाचं करायचं काय, हा स्पीकरच्या डिझाइनमधला एक मूळ प्रश्न. त्याला वेगवेगळ्या लोकांनी दिलेली उत्तरं बघितली की मजा येते.

बीबीसीने १९७०च्या दशकात आपल्या ओबी व्हॅनमध्ये मावेल असा एलएस३/५ए नावाचा स्पीकर बनवला. जेमतेम एक फूट उंच, बंद खोकं. खोकं म्हटलं की त्याच्या भिंती थरथरणार, स्वतःच गायला लागणार. बीबीसीवाले म्हणाले, भिंती जाड करू नका. पातळ प्लायवूड घ्या, आतून डांबरी थर लावा, म्हणजे खोकं गायलंच तरी हळू आणि कानाला न खुपेल असं गाईल. हा स्पीकर मी एका मित्राकडे ऐकला आहे. खालचे सूर जवळजवळ नाहीतच. पण माणसाचा गळा असा येतो, की गाणारा समोर मांडी घालून बसला आहे.

क्वाडच्या पीटर वॉकरने १९५७ साली खोक्यालाच रजा दिली. दोन जाळ्यांच्या मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा, त्यावर हजारो व्होल्ट. हा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर. मागचा आवाज? जाऊ दे मागे! त्यामुळे तो भिंतीपासून चांगला लांब ठेवावा लागतो. दिसायला अगदी हिवाळ्यात लावायच्या हीटरसारखा. तानपुऱ्याची जवारी यावर ऐकावी, एकेक धागा सुटा होतो. पण डोकं जरा इकडेतिकडे झालं की वरचे सूर गायब, आणि मोठ्याने लावायची सोय नाही. (आपल्या पुण्याच्या केडन्सनेही इलेक्ट्रोस्टॅटिक बनवले, हे माझ्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.)

आणि १९९३चा बॉवर्स अँड विल्किन्सचा नॉटिलस. प्रथम बघाल तर वाटेल कुणीतरी शंख उभा करून ठेवलाय. पण तो शंख शोभेचा नाही. प्रत्येक ड्रायव्हरच्या मागे एक निमुळती होत जाणारी नळी आहे, मागचा आवाज त्यात शिरतो आणि जात जात विरून जातो. खर्जाची नळी फार लांब, म्हणून ती गुंडाळली आणि शंख झाला. चार ड्रायव्हरना चार स्वतंत्र अॅम्प्लिफायर लागतात, म्हणजे जोडीला आठ. परवडण्याचा विषयच नको.

तीन उत्तरं, तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध. तिन्हींत काही मिळवण्यासाठी काही सोडलंय, आणि काय सोडलंय ते लपवलेलं नाही. हे खरं डिझाइन. माझ्या खोक्यांवरचं पियानो पॉलिश या प्रश्नाबद्दल अवाक्षर काढत नाही. ते फक्त किमतीचं उत्तर आहे.

असो. पण बाबा का उठले, हे अजून कळलं नव्हतं. शेवटी सरळ विचारलं. म्हणाले, "अरे, तानपुऱ्याचा खर्ज आला की घूं होतं. दर फेऱ्याला. गाण्याकडे लक्षच जात नाही."

मला हे ऐकूच आलं नव्हतं! मी तो पत्रकावरचा '४० किलोहर्ट्झपर्यंत' वाचून खूश होतो. पंचाहत्तरीत वरचे सूर कानाला कमी येतात हे खरं, पण रोग वर नव्हताच, तळाला होता.

मग टेप घेऊन हॉल मोजला. लांबी १६ फूट. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तेव्हा १६ फुटांत ज्याची एक पूर्ण लाट बसते ती कंप्रता साधारण ७० हर्ट्झ. आणि काळी एकचा खर्ज? ६९.३. रेकॉर्डमधल्या गायकाची पट्टीही तीच. म्हणजे हॉल आणि तानपुरा एका सुरात लागलेले! त्यात स्पीकर एका भिंतीला चिकटून, सोफा समोरच्या भिंतीला चिकटून. लाटेचा जोर भिंतींपाशीच सगळ्यात जास्त. शिवाय आपल्याकडे विटा-काँक्रीटच्या भिंती आणि खाली गुळगुळीत टाइल्स, खर्ज मुरायला जागाच नाही. जुने पिटुकले स्पीकर ७० हर्ट्झपर्यंत पोचतच नव्हते, म्हणून हॉल गप्प होता. तरी बाबांना खर्ज ऐकू यायचा, कारण १३९, २०८, २७७ हे वरचे स्वरांश मिळाले की मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो.

उपाय? लाटेचा जोर भिंतीपासून पाव लांबीवर शून्य होतो. १६चा पाव ४. सोफा चार फूट पुढे ओढला. (बायको म्हणाली, "सोफ्यामागे आता भाड्याने द्यायचं का?" पुण्यातले दर बघता प्रश्न चुकीचा नव्हता.) घूं गेलं. खर्च शून्य.

मग मुद्दाम मध्ये चादर टांगली, मोबाइलवर मोजून दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा केला आणि बाबांना दहा वेळा ऐकवलं. सहा वेळा मोठे आवडले, चार वेळा पिटुकले. लाखांचा फरक नाणं उडवल्याइतका निघाला.

तेव्हा माझं मत असं. महागडे स्पीकर थोतांड नाहीत, पण तुम्ही स्पीकर आणत नाही, स्पीकर आणि खोली असा जोड आणता, आणि खोली तुमच्याकडे आधीच आहे. आधी तिचं माप घ्या. दुकानात आवाज सारखा करून मागा, डोळे मिटा, आणि त्यांची झकपक डेमो सीडी नको म्हणा. ज्या आवाजाची तुमच्या कानाला रोजची ओळख आहे तोच लावा. आमच्या घरी तो तानपुरा, तुमच्या घरी आईचा रेकॉर्ड केलेला आवाजही चालेल. आणि शक्य असेल तर घरी आणून आठवडाभर ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

परवाच्या रविवारी बाबा हॉलमध्ये ऐकत बसले होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "तबलजी जरा घाई करतोय." स्पीकरबद्दल एक अक्षर नाही. मला एवढंच हवं होतं.

बाकी, ती काळी खोकी दिसतात अजूनही भारी. पण तेवढ्यासाठी एखादं शोकेस पुष्कळ स्वस्त पडलं असतं.