एकटेपणा म्हणजे अविश्वास नव्हे

ज्याच्यासोबत देव आहे त्याला माणसाची सोबत लागत नाही. एकटेपणा खुपतो तो विश्वास कमी पडल्यामुळे, असे बायबलच्या आधाराने ठासून सांगितले जाते. हे मत बायबलच्या दुसऱ्याच अध्यायापुढे टिकत नाही. पहिल्या अध्यायात देव आपली निर्मिती चांगली असल्याचे पुन्हापुन्हा म्हणतो. ‘चांगले नाही’ हा शेरा प्रथम येतो तो दुसऱ्या अध्यायात, माणसाच्या एकटे असण्यावर. तेव्हा पाप घडलेले नाही, सर्पही आलेला नाही. उणीव दाखवणारा खुद्द देवच आहे. हे वचन फक्त लग्नापुरते आहे, हा बचाव जुना. पण पत्नी नसलेल्या प्रेषित पौलालाही सोबती हवेच होते.

संदेष्टा एलीयाची गोष्ट तर हे मत पार मोडीत काढते. कर्मेल डोंगरावर बाल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांपुढे एकटा उभा ठाकलेला हा माणूस. त्याचा विश्वास कमी म्हणायचा तरी कसा? ईजबेल राणीच्या धमकीनंतर तो पळाला, बैर-शेब्यात चाकराला मागे ठेवले आणि एकटाच रानात शिरला. उरलेला एक सोबतीही सुटला, आणि दिवसभराच्या वाटचालीनंतर झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला बोल लावला नाही. हात लावून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो खाऊन पुन्हा निजला, तर दुसऱ्यांदा उठवून खायला लावले. पुढे होरेब डोंगरावर देवाची वाणी ऐकूनही ‘मी एकटाच उरलो’ हे त्याचे गाऱ्हाणे थांबले नाही. त्यावर त्याला सांगण्यात आले की इस्राएलात बालापुढे न वाकलेले ७,००० जण आहेत. शिवाय त्याला पुढे सोबती होणाऱ्या अलीशाकडे धाडले. तो अध्याय संपतो तो अलीशा नांगर सोडून त्याच्या मागे निघतो तिथे.

येशू एकट्याने प्रार्थना करी, असा दाखला दिला जातो, पण तो एकांताचा आहे, एकाकीपणाचा नव्हे. गेथशेमाने बागेत त्याने तिघा शिष्यांना जवळ नेले, जागे राहा म्हणून विनवले आणि ते झोपलेले पाहून त्याला लागले. एकटेपणाचे गाऱ्हाणे मांडणारे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरी ते प्रार्थनाच आहे.

बायबलची स्वतःची शिकवण साधी आहे. शिष्यांना दोघादोघांनी पाठवले जाते. ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या मते दोघांपैकी एक पडला तर दुसरा उचलतो, दोघे निजले तर ऊब मिळते. सहकारी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात बंदिवान पौल प्रभू पाठीशी उभा राहिल्याची ग्वाही देतो. त्याच पत्रात, जवळ फक्त लूक उरला आहे, म्हणून तीमथ्याला निकडीने बोलावतो: त्रोवसात राहिलेला झगा घेऊन ये, आणि हिवाळ्यापूर्वी ये.