परवाना नाकारल्यावर काय करावें?

बंदुकीचा परवाना नाकारला गेला, कीं अर्जदार एक तर वशिला शोधतो, नाहीं तर निमूटपणें घरीं बसतो. दोन्ही मार्ग आम्हांस अमान्य आहेत. परवाना हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे, हें खरें. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणें अधिकाऱ्यानें नकाराचीं कारणें लेखी नमूद केलींच पाहिजेत, आणि सार्वजनिक हितास बाध येत नसल्यास, मागणी होतांच तीं थोडक्यांत कळविलीं पाहिजेत. केवळ पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्या सबबीवर गरिबास नकार देतां येत नाहीं. म्हणून अर्जदारानें प्रथम कारणें मागावींत; तीं न पटल्यास १८ व्या कलमान्वयें मुदतींत अपील करावें. मात्र अजाण मनुष्य कारणें मागतच नाहीं. सबब अधिकाऱ्यांनीं तीं न मागतांच द्यावींत, असें आमचें स्पष्ट मत आहे.