फोर बाय फोर वापरा, नाहीतर घेऊ नका

कुठल्याही शनिवारी सकाळी वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर बोरिवलीच्या आसपास अर्धा तास काढा. पाठीवर ‘४×४’ असं ठळक मिरवणाऱ्या गाड्या मोजायला हाताची बोटं पुरणार नाहीत. थार असतातच, पण हल्ली पिकअपही दिसतात. मागे रिकामा हौदा, वर छपरावर फावडं लटकवलेलं. फावड्यावर अजून दुकानाचं स्टिकर.

ओळखीतल्या अशा प्रत्येक मालकाला मी एकच प्रश्न विचारत आलोय: शेवटचं फोर-व्हील कधी लावलं होतं? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. ‘अजून तशी वेळच नाही आली.’ हे सांगताना स्वरात एक समाधान असतं, तिजोरीतल्या सोन्याबद्दल बोलल्यासारखं. माझं भांडण या समाधानाशी आहे. सोनं तिजोरीत पडून राहिलं तरी सोनंच राहतं, फोर-व्हील ड्राइव्हचं तसं नाही.

थोडं यंत्र समजून घेऊ. इसुझुची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स किंवा फोर बाय फोर थार, या गाड्यांत असते ती ‘पार्ट-टाइम’ यंत्रणा. एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्सला जोडून ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. फोर-हाय लावलं की ती पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते आणि दोन्ही एकाच वेगाने फिरतात. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या कमानीवरून जातात, त्यांना जास्त फिरायचं असतं. मातीत टायर जरासं घसरून हा फरक पचवतं. कोरड्या काँक्रीटवर ते घसरत नाही. मग ताण शाफ्टांत आणि गिअरांत साठत जातो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत वळते. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावू नये. नियम शंभर टक्के बरोबर आहे. फक्त शोरूममधून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत येता येता ‘डांबरावर लावू नका’चं ‘लावूच नका, खराब होतं’ असं झालं.

खरं तर खराब होतं ते न लावल्यानेच. जुन्या जीपला जमिनीतून वर आलेला दांडा असायचा. हाताला कळायचं की आत काहीतरी सरकलं. आता बऱ्याच गाड्यांत गोल बटण असतं आणि सरकवण्याचं काम छोटी विजेची मोटर करते. ती मोटर वर्षानुवर्षं हललीच नाही, की जाम होते. तेल खाली बसून राहतं, वरचे भाग कोरडे पडतात, रबरी सील आखडतात. आपण राहतो समुद्राकाठी, चार महिने पावसात. कनेक्टरच्या पितळेवर हिरवट थर चढायला इथे फार वेळ लागत नाही.

टोयोटाच्या पिकअपच्या मालक-पुस्तिकेत महिन्यातून किमान १६ किलोमीटर फोर-व्हीलवर चालवायला सांगितलेलं असतं. कारण साधं: पुढच्या भागांना तेल मिळत राहावं. पण ही पुस्तिका ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतच असते, आणि आपण गाडीचं ज्ञान रील बघून मिळवतो.

मुलुंडच्या माझ्या एका सहकाऱ्याची पिकअप चार वर्षांची होती. मुरबाडच्या पुढे एका शेताच्या वाटेवर, जुलैच्या चिखलात, त्याने पहिल्यांदा बटण फिरवलं. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत राहिला, स्थिर झालाच नाही. मागची चाकं जागच्या जागी गिरक्या घेत एक्सलपर्यंत रुतली. नंतर त्याची बिलं चाळली. अधिकृत सर्व्हिस सेंटरची, वेळच्या वेळी भरलेली. एकाही बिलात ट्रान्सफर केसच्या किंवा पुढच्या डिफरन्शियलच्या तेलाचा उल्लेख नव्हता. त्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एसीचा सुगंध मात्र दोनदा बदललेला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच डोक्यात ठोकली जाते: ज्या बॅकअपमधून कधी रिस्टोअर करून पाहिलं नाही, तो बॅकअप नव्हेच. संकटासाठी राखून ठेवलेली यंत्रणा संकटातच पहिल्यांदा चालवणं, याला सावधपणा म्हणत नाहीत. आमच्यापैकीच किती जण गाडीच्या बाबतीत हे विसरतात, हे बघून चिडचिड होते.

आता दुसरा समज, आणि तो जास्त धोक्याचा: फोर बाय फोर आहे, म्हणजे कुठूनही जाईल. फोर-व्हील ड्राइव्ह एकच काम करतं, इंजिनाची ताकद चारही चाकांकडे पाठवतं. ब्रेक तर कुठल्याही गाडीत चारही चाकांना असतातच, त्यामुळे ओल्या रस्त्यावर थांबायला याचा काडीचा उपयोग नाही. उलट वजन जास्त, तेव्हा अंतर जास्त सोडायला हवं. ‘चारही चाकं’ हेही अर्धसत्यच. साध्या डिफरन्शियलला सोपी वाट आवडते. एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत किंवा पातळ चिखलात गेलं, की सगळी ताकद त्या दोघांत वाया जाते आणि फोर बाय फोर जागेवर उभी राहते. तिथे लागतो लॉकर, लागते फोर-लोची साधारण अडीच पट जास्त ओढ, आणि त्याहून जास्त लागतो गाडीतून उतरून समोरचं बघून येणारा ड्रायव्हर.

आणि पाण्याशी तर याचा संबंधच नाही. अंधेरी सबवे किंवा मिलन सबवेत पाणी भरलं, की कठड्यापाशी एखादी उंच गाडी इंजिन घुमवत उभी असतेच. हायलक्सची पाण्यात जाण्याची क्षमता कंपनी ७०० मिलिमीटर सांगते. म्हणजे माणसाच्या मांडीपर्यंत, तेही सावकाश गेलात तर. रेल्वेखालचा सबवे हा त्या परिसरातला सगळ्यात खोल खड्डा असतो आणि गढूळ पाण्याची खोली वरून कळत नाही. इंजिनाच्या हवेच्या वाटेत पाणी गेलं, की किती चाकं फिरत होती हा प्रश्न उरत नाही. गाडी तरंगू लागली, की चारही चाकं पाण्यातच फिरतात. २ जुलै २०१९ च्या त्या पावसात, सांताक्रूझला २४ तासांत ३७५ मिलिमीटर पडला तेव्हा, मालाडच्या सबवेत एका भल्या मोठ्या एसयूव्हीत अडकून दोन जणांचा मृत्यू झाला. त्याआधी २६ जुलै २००५ ला बंद काचांच्या गाड्यांत माणसं गुदमरून गेली. एवढं बघूनही आपण उंच गाडीला होडी समजतो.

समुद्रकिनाऱ्याची कथा वेगळी नाही. रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीला बांधून ओढल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी हसत हसत पाहिला. पण तिथे फोर बाय फोरवालेही रुततात, टायरमधली हवा कमी न करता भरती-ओहोटीचा विचार न करता घुसल्यामुळे. मग गावातलं कुणीतरी आपलं काम टाकून ट्रॅक्टर घेऊन येतं. याच कोकण किनाऱ्यावर दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तुमचा सराव त्यांच्या डोक्यावरून का?

यावर नेहमीचा प्रतिवाद येतो: ‘मग मुंबईत वापरायचं कुठे? सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक.’ प्रश्न रास्त आहे, पण उत्तर अवघड नाही. महिन्यातून एकदा कर्जत, मुरबाड, जव्हारकडे जाताच ना? मिसळ खायला का होईना. तिथे मुरमाच्या किंवा मातीच्या वाटेवर, जमीन कुणाची असेल तर विचारून, फोर-हाय लावा आणि काही किलोमीटर सावकाश चालवा. थांबून, न्यूट्रलमध्ये टाकून फोर-लो लावा, थोडं पुढे-मागे करा, काढा. टू-हायला परत येताना दिवा विझला नाही तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, साठलेला ताण सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही शाफ्ट एकमेकांशी भांडत राहतील. खोल पाण्यातून गेलात तर दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासून घ्या. दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, तेल बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि सर्व्हिसला देताना ही तिन्ही तेलं नाव घेऊन विचारा. एवढ्यासाठी इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

हे करायचं नसेल तर सरळ टू-व्हील ड्राइव्ह घ्या. जानेवारी २०२३ मध्ये थार फक्त मागच्या चाकांवरही मिळू लागली, किंमत दहा लाखांच्या आत सुरू झाली, तेव्हा फोर बाय फोरवाल्यांनी नाकं मुरडली. ‘ही काय थार?’ मला तर तो गिऱ्हाईक जास्त प्रामाणिक वाटतो. त्याला रूप हवं होतं, त्याने रूपाचे पैसे दिले. तुम्ही यंत्राचे पैसे दिले आणि यंत्र गंजायला ठेवलं.

या शहराला तरी हे शोभत नाही. महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली ती इथेच, माझगावला. त्यांचा कांदिवलीचा कारखाना आजही उपनगरात उभा आहे. त्या जीपला फोर-व्हील ड्राइव्ह होतं ते तहसीलदाराला, जंगलखात्याला, डॉक्टरला रस्ता नसलेल्या गावात पोचायचं होतं म्हणून. आजही बोलेरो कॅम्परची फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्ती घेणारा माणूस चढावर माल चढवण्यासाठी ती घेतो. तो दर पावसाळ्यात दांडा टाकतो आणि तेलाचं डबडं स्वतः बघतो, कारण गाडी अडली तर त्याची रोजी अडते. मागच्या दारावर काय लिहिलंय याची त्याला फिकीर नसते. बहुतेक वेळा ती अक्षरं चिखलाखाली गेलेली असतात.