तुरुंगाच्या दाराबाहेर

गेल्या पंधरवड्यात धोम धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या एका खेड्यातून एक वृद्ध बाई आमच्या कचेरीत आल्या. त्यांचा मुलगा पंचवीस वर्षांपूर्वी, आम्ही शिक्षकाच्या पेशात असताना, आमच्या वर्गात होता. गणितात कच्चा, परंतु अक्षर मोत्यासारखे. पुढे शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत एक मनुष्य प्राणास मुकला आणि त्या गुन्ह्याबद्दल हा मुलगा आज जन्मठेप भोगीत आहे. बाईंचे गाऱ्हाणे शिक्षेविषयी नव्हते. "त्यानं केलं ते तो फेडतोय, गुरुजी," एवढेच त्या त्याविषयी बोलल्या. खटला चालू होता तोवर मुलगा साताऱ्याच्या जिल्हा कारागृहात होता. सकाळच्या गाडीने जाऊन दिवेलागणीला घरी परतता येत असे. शिक्षा झाल्यावर त्यास दूरच्या एका मध्यवर्ती कारागृहात हलविण्यात आले. गेल्या खेपेस बाई सुनेला व नातीला घेऊन तेथे गेल्या. सुनेच्या ओळखपत्रावर अद्याप माहेरचे नाव आहे, या कारणावरून तिला दारातूनच परतविले गेले. आजी आणि नात आत गेल्या; कैद्याची लग्नाची बायको बाहेर झाडाखाली बसून राहिली. नावाच्या दुरुस्तीचा एक अर्ज लिहून द्यावा, एवढ्याचसाठी बाई आमच्याकडे आल्या होत्या.

अर्ज आम्ही लिहून दिला. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. न्यायालयाने शिक्षा एका माणसाला दिली. मग त्या झाडाखाली बसलेली स्त्री कोणत्या कलमाखाली शिक्षा भोगीत होती?

तुरुंगाच्या परिभाषेत कैद्याच्या भेटीला 'मुलाखत' म्हणतात. ही मुलाखत सरकारची मेहेरबानी की नागरिकाचा हक्क, या प्रश्नाचा निकाल वास्तविक केव्हाच लागलेला आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमात न्यायाधीन बंद्याच्या भेटीची तरतूद कायद्याच्या कलमातच होती. शिक्षा झालेल्याच्या भेटी मात्र नियमांवर, म्हणजे पर्यायाने अधिकाऱ्यांवर, सोपविलेल्या होत्या. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दृष्टी बदलली. डिसेंबर १९७९ मध्ये, सुनील बात्रा या कैद्याने पाठविलेल्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या प्रकरणात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आप्तांच्या भेटी हा कैद्याचा मोठा आधार मानला. जानेवारी १९८१ मध्ये फ्रान्सिस कोरॅली मलिन यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की कुटुंबीयांस व वकिलांस भेटणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि स्थानबद्धास महिन्यातून एकच भेट देणारा नियम रद्द ठरविला. त्याच्याही आधी, १९६५ साली, महाराष्ट्राच्या एका प्रकरणाने हा मार्ग काहीसा मोकळा केला होता. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत एक पुस्तक लिहिले आणि हस्तलिखित प्रकाशनार्थ पत्नीकडे पाठविण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सरकार तेथे हरले. अणूच्या अंतरंगामुळे देशाच्या संरक्षणास कोणता धोका पोहोचणार होता, हे कोडे आम्हांस आजही सुटलेले नाही.

तेव्हा हक्क आहे, यात शंका नाही. अडचण हक्काची नसून अंतराची आहे.

वाईहून सातारा सुमारे पस्तीस किलोमीटर, पुण्याचे येरवडा त्याच्या अडीचपट, आणि कोल्हापूरचे कळंबा त्याहूनही दूर. जिल्हा कारागृहे मुख्यतः न्यायाधीन व अल्प मुदतीच्या कैद्यांसाठी आणि मध्यवर्ती कारागृहे दीर्घ मुदतीच्यांसाठी, अशी ही वाटणी आहे. तिच्यामागे कोणाचा दुष्टावा नाही, सोय आहे. परंतु या सोयीचा अर्थ असा होतो, की ज्याला जितकी दीर्घ शिक्षा, तितके त्याचे घर त्याच्यापासून दूर. ज्या नात्याला वीस वर्षे टिकायचे आहे त्याच्याच वाटेत आपण अधिक मैल घालून ठेवतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली नेल्सन मंडेला यांच्या नावाने कैद्यांच्या वागणुकीचे किमान नियम नव्याने मान्य केले. त्यांतील एकोणसाठावा नियम सांगतो, की शक्य तोवर कैद्यास त्याच्या घराजवळच्या तुरुंगात ठेवावे. ज्या मंडेलांना १९६४ साली रॉबेन बेटावर सहा महिन्यांतून एक भेट व एक पत्र एवढीच मुभा होती, आणि पत्नीचा हात हातात घेण्यासाठी १९८४ सालापर्यंत थांबावे लागले, त्यांचेच नाव या नियमांस असावे हे उचित झाले.

अंतर म्हणजे केवळ भाडे नव्हे. मार्च २०२३ पासून महिलांस एस. टी.त अर्धे तिकीट आहे, आणि ही सवलत या बाईंसारख्यांना खरोखरच उपयोगी पडली आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु अर्ध्या तिकिटाने दिवसाची मजुरी भरून निघत नाही. पहाटेची गाडी पकडण्यासाठी आदल्या रात्री वाईच्या स्थानकावर येऊन पडावे लागते. तिकडे पोहोचल्यावर नोंदणीची वेळ टळलेली नसावी, ओळखपत्रातील नाव आतल्या यादीतील नावाशी जुळावे, कैद्यास त्या दिवशी नेमके न्यायालयात वा रुग्णालयात नेलेले नसावे. एवढे सर्व जमून आले की पंधरावीस मिनिटे मिळतात. बहुधा मध्ये काच असते, कानाला दूरध्वनी असतो आणि शेजारी दहा जण एकाच वेळी बोलत असतात. बाई म्हणाल्या, की पहिली पाच मिनिटे रडण्यातच जातात, म्हणून आता त्या बाहेरच रडून घेतात.

पूर्वी पंधरवड्यातून एकदा होणारी ही भेट आता वर्षातून दोनदा होते. अशा रीतीने नाती तुटतात. कोणी भांडून तुटत नाहीत.

२०२० साली साथीच्या काळात मुलाखती बंद पडल्या आणि पडद्यावरून भेटीची 'ई-मुलाखत' आली. साथ ओसरल्यावरही ती चालू राहिली, हे चांगले झाले. येरवड्यात कैद्यांस स्मार्टकार्डावर घरी दूरध्वनी करण्याची सोय २०२३ मध्ये झाली. आईबापांना लहान मुलांना जवळ घेता यावे म्हणून 'गळाभेट' नावाचा उपक्रमही राज्यातील काही कारागृहांनी केला; तुरुंग खात्याला सुचलेले एवढे सुंदर नाव दुसरे आमच्या पाहण्यात नाही. खाते झोपलेले आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पडद्यावरील भेटीला पडदा लागतो. धरणाच्या वरच्या खोऱ्यात फोनला आवाज धड येत नाही, तेथे चेहरा कोठून येणार?

सातारा जिल्ह्याला तुरुंगाची वाट नवीन नाही. १९३२ साली कोवळ्या यशवंतराव चव्हाणांना पकडल्यावर त्यांच्या आई विठाई त्यांना भेटावयास गेल्या. सोबतच्या मास्तरांनी माफीची गोष्ट काढली, तेव्हा निरक्षर आईने ती धुडकावून मुलाला प्रकृतीस जपण्यास सांगितले. ही हकीकत यशवंतरावांनी स्वतःच 'कृष्णाकाठ'मध्ये नोंदविली आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अस्पृश्यतेच्या शास्त्रार्थासाठी गांधीजींकडे गेले तेही येरवड्याच्या तुरुंगात. आणि मंडालेस असलेल्या टिळकांना जून १९१२ मध्ये सत्यभामाबाईंच्या मृत्यूची वार्ता तारेने कळली, ही गोष्ट तर महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या काळी कैद्याच्या घरासमोरून जाताना माणसे मान लववीत. तो तुरुंग वेगळा आणि हा वेगळा, असे वाचक म्हणतील, आणि ते खरे आहे. देशासाठी गेलेला आणि बांधासाठी रक्त सांडलेला यांना आम्ही एका पंक्तीस बसवीत नाही. परंतु गजाच्या अलीकडे उभ्या असलेल्या आईत आणि आईत फरक कोणता करावयाचा? या बाई गावात कोणाला सांगून निघत नाहीत. नातीच्या शाळेत 'वडील पुण्यास नोकरीला आहेत' असे सांगितलेले आहे. आम्ही शिक्षक होतो. अशा किती मुलांनी आम्हांस असे सांगितले असेल आणि आम्ही हजेरीपटावरून मान वर न करता ते ऐकून घेतले असेल, कोण जाणे.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या राज्यात, पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, १९३९ साली ती निघाली. भिंती नाहीत, कैद्याने जमीन कसावी आणि बायकामुलांसह तेथे राहावे, ही योजना. ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून आणि शांतारामबापूंच्या दिग्दर्शनातून १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट उतरला, तो याच प्रयोगावरून. चित्रपटास पारितोषिके मिळाली, गाणी घराघरांत गेली. वसाहत मात्र मूठभर कैद्यांपुरतीच राहिली. एका संस्थानिकाला जमले ते एवढ्या मोठ्या राज्याला मोठ्या प्रमाणावर का जमू नये, याचे उत्तर आम्हांस कोणी दिलेले नाही.

कोणी म्हणेल, हा सारा भावनेचा प्रश्न आहे. तसे नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या सोळा हजारांवर कैद्यांची पाहणी करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना भेटावयास कोणी येत होते त्यांच्यात पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी आढळला. कैदी कधीतरी सुटणारच आहे; सुटल्यावर तो कोठे जाणार? ज्या घराची चूल त्याच्याविना चालावयास शिकली आहे, त्या घरात त्याला जागा राहत नाही, आणि मग त्याला जागा देणारे लोक कोण असतात हे पोलीस खात्यास चांगले ठाऊक आहे. शिवाय २०२२ च्या राष्ट्रीय नोंदीप्रमाणे देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार न्यायाधीन होते, म्हणजे त्यांचा अपराध अद्याप सिद्धच व्हावयाचा होता.

एक आक्षेप मात्र आम्हांस बाजूला सारता येत नाही. बांधावरच्या त्या मारामारीत जो गेला त्यालाही आई आहे. ती त्याच खोऱ्यात राहते. तिला कोणत्याही कारागृहाच्या दारात नंबर लावून पंधरा मिनिटे मिळत नाहीत. हा लेख तिच्या हाती पडला तर तिला राग येईल, आणि तिने रागावू नये असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की झाडाखाली बसविलेल्या त्या सुनेच्या दुःखाने या दुसऱ्या आईच्या दुःखात गुंजभरही उणे होत नाही. तुरुंगात अमली पदार्थ व फोन भेटीच्या आडून जातात, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर सोपे आहे. झडती अवश्य घ्यावी. झडतीच्या नावाखाली म्हातारीला अरेतुरे करू नये.

केंद्र सरकारने २०२३ साली आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम तयार करून राज्यांकडे पाठविला आणि त्या धर्तीचे विधेयक २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात आपल्या विधिमंडळापुढेही आले. नावात 'सुधार' हा शब्द आलेला आहे, तर त्याची सुरुवात दारापासून व्हावी. दीर्घ मुदतीच्या कैद्यास, विशेष धोका नसेल तेव्हा, मुलाखतीसाठी वर्षातून काही दिवस तरी आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात आणावे. वाईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. तेथे एक संगणक ठेवून ई-मुलाखतीची खोली करावी, म्हणजे खोऱ्यातील माणसास वाईच्या बाजाराच्या दिवशीच मुलाचे तोंड पाहता येईल. कोणती कागदपत्रे लागतात, नोंदणी किती वाजेपर्यंत, संचित रजा व अभिवचन रजा यांचा अर्ज कोठे करावयाचा, हे प्रत्येक तहसील कचेरीत मोठ्या अक्षरांत मराठीत लावावे. आणि नावाच्या एका फरकासाठी पत्नीस परत पाठविण्यापूर्वी, आतील कैद्यास 'ही तुझी कोण?' एवढे तरी विचारावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

आमच्या त्या विद्यार्थ्याला चार वर्षांत आम्ही एक ओळही लिहिली नव्हती. परवा पोस्टकार्ड टाकले. तुरुंगात येणारी-जाणारी पत्रे तपासली जातात, म्हणून काय लिहावे हे सुचेना; शेवटी शाळेच्या अंगणातील चिंच यंदा भरून आली आहे, एवढेच लिहिले. उत्तर यावयाचे आहे. सुनेच्या नावाच्या अर्जाचेही.

वाई तालुक्यातील ज्या घरांस असे अर्ज लिहावयाचे असतील त्यांनी कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर आमच्या कचेरीत यावे. नाव विचारले जाणार नाही आणि पैसे पडणार नाहीत.