किनारा विकत घ्यावा लागेल

कोकणातल्या सड्यांवरच्या आणि समुद्राकाठच्या जमिनींचे व्यवहार आता गुंठ्यांत नव्हे, एकरांत होतात. खरेदीखत झाले की आधी तारेचे कुंपण येते, मग चिऱ्यांची भिंत, मग फाटक. गावातून पुळणीवर उतरणारी जुनी पायवाट त्या फाटकापाशी संपते. भरतीच्या रेषेखालची वाळू सरकारची, म्हणजे तुमची-आमचीच. पण तिथवर पोहोचता येत नसेल, तर या मालकीला काय अर्थ? मर्यादवेलीने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, केवड्याची बने, मागचा उघडा कातळ हे सारे टिकावे आणि तिथे कोणालाही जाता यावे, असे वाटत असेल तर या जमिनी लोकांच्या पैशाने, लोकांच्या नावावर विकत घेतल्या पाहिजेत.

किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि त्यांनी बरेच काही वाचवले हेही खरे. पण हे नियम अधिसूचनेने येतात आणि अधिसूचनेनेच आखडतात. १९९१ नंतर २०११ मध्ये ते नव्याने आले, पुन्हा २०१९ मध्ये बदलले. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरचा बांधकामबंदीचा पट्टा या शेवटच्या बदलात पन्नास मीटरवर आला. शिवाय बांधकाम रोखणे वेगळे आणि वाट खुली ठेवणे वेगळे. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट एका हॉटेलच्या बांधकामाने अडली. ती खुली राहिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला २००९ साल उजाडले. निकाल उत्तम होता. पण रापण ओढणाऱ्या माणसाने वीस वर्षांची वहिवाट सिद्ध करायला दिल्लीपर्यंत जायचे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानाला लागून अवारोआचा किनारा आहे. आठशे मीटरची सोनेरी वाळू आणि मागे सुमारे सात हेक्टर खासगी जमीन. ती विक्रीला निघाली तेव्हा २०१५च्या नाताळात एका घरी दोन साडूंमध्ये विषय निघाला: हा किनारा आपण सगळ्यांनी मिळूनच का घेऊ नये? जानेवारीत इंटरनेटवर वर्गणी सुरू झाली आणि काही आठवड्यांत जवळपास चाळीस हजार लोकांनी पैसे दिले. सरकारने साडेतीन लाख डॉलरची भर घातली आणि सुमारे तेवीस लाख न्यूझीलंड डॉलर उभे राहिले. मधेच एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली. अट एकच होती, किनाऱ्याचा एक भाग त्याच्या कुटुंबाच्या वापरासाठी राखून ठेवायचा. वर्गणी गोळा करणाऱ्यांनी नकार दिला. तो नकारच आम्हाला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. जुलै २०१६ मध्ये अवारोआ राष्ट्रीय उद्यानात सामील झाले.

ब्रिटनमध्ये हे काम त्याआधी अर्धशतक सुरू झाले होते. तिथल्या नॅशनल ट्रस्टने १९६५ मध्ये ‘एंटरप्राइझ नेपच्यून’ ही मोहीम वीस लाख पौंडांचे उद्दिष्ट ठेवून काढली. आज ट्रस्टच्या ताब्यातला किनारा बाराशे किलोमीटरच्या पुढे गेला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापलेला महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा आहे, यावरून अंदाज यावा. खाणीतला टाकाऊ माल ओतून काळा पडलेला डरहॅमचा किनाराही ट्रस्टने १९८८ मध्ये नाममात्र एक पौंड मोजून घेतला, कारण खराब झालेली जमीनही कुणीतरी सांभाळावीच लागते. या सगळ्याच्या मुळाशी १९०७चा एक कायदा आहे. ट्रस्टने ‘अविक्रेय’ ठरवलेली जमीन तिला स्वतःलाही विकता येत नाही. फ्रान्सने १९७५ मध्ये याच कामासाठी सरकारी संस्था काढली. तिला खासगी नौकांवरच्या वार्षिक करातून पैसा मिळतो. जमीन संस्था घेते, देखभाल बहुतेक ठिकाणी स्थानिक नगरपालिका करतात.

आपल्याकडे हे जमेल का? वर्गणीची सवय कोकणाला कोणी शिकवायला नको. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी पावती पुस्तके फिरवून गावोगावची देवळे, सभामंडप आणि शाळा उभ्या केल्या आहेत. खरी अडचण कागदांची आहे. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची भली मोठी यादी असते. त्यातले निम्मे मुंबईत, काही हयातही नसतात, आणि वारसनोंदी रखडलेल्या. दलाल चिकाटीने एकेकाची सही मिळवतो. ती चिकाटी लोकांच्या बाजूने दाखवणारी यंत्रणा आज नाही. त्यात कूळकायद्याची गाठ आहे. शेतकरी नसलेल्या संस्थेला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कायद्याचा हेतू योग्यच आहे, पण किनारा राखण्यासाठी घेतलेल्या जमिनीला त्यात सरळ वाट करून द्यायला हवी.

राज्य सरकारने यासाठी स्वतंत्र कायद्याने किनारा निधी उभारावा. किनाऱ्यालगतच्या जमिनींच्या मोठ्या व्यवहारांवरील मुद्रांक शुल्काचा काही हिस्सा त्यात जावा, आणि लोकांच्या वर्गणीइतकीच भर सरकारने घालावी. विकणाऱ्याला बाजारभाव मिळावा. गरजेपोटी जमीन काढणाऱ्या शेतकऱ्यावर त्यागाचे ओझे टाकण्याचा अधिकार कुणालाच नाही. देखभाल ग्रामपंचायतीकडे असावी, जाळी वाळवण्याचा आणि होड्या ओढण्याचा मच्छीमारांचा हक्क लेखी असावा. कासवांच्या विणीच्या हंगामात पुळणीचा काही भाग बंद राहील, आणि वाळूवर गाड्या फिरवायला बारा महिने मनाई असेल, हेही त्यातच लिहिले जावे. निधीतून घेतलेली जमीन पुढे कोणत्याही महामंडळाला भाडेपट्ट्याने देता येणार नाही, हे कलम मात्र पहिल्या दिवसापासून हवे. ते नसेल तर लोकांकडे वर्गणी मागायला जाऊच नये.